गुडघा माझा, उत्तरं अण्णांची

चूक अण्णांची. हे पहिल्याच ओळीत सांगून मोकळा होतो. पुढे किस्सा ऐकता ऐकता तुमचं बोट हळूहळू माझ्याकडे वळायला लागेल, मला माहीत आहे. वळू दे. पण सुरुवात कोणी केली ते लक्षात ठेवा.

अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. बँकेतून निवृत्त झालेले, साठी कधीच ओलांडलेली, आणि चामराजपेटच्या आमच्या घरात कोणालाही काहीही विचारलं की त्याचं उत्तर देणारे. आमच्याकडे पद्धतच आहे तशी. कित्येक पिढ्या बंगळुरात काढल्यावर आमची भाषा अर्धी कन्नड झाली, जेवण पाऊण कन्नड झालं, पण एक गोष्ट तसूभर हलली नाही. लहान माणसाला डॉक्टरकडे न्यायचं तर सोबत मोठं माणूस जातं, आणि डॉक्टरांशी तेच बोलतं. लहान म्हणजे किती लहान? लग्न होईपर्यंत लहान! माझा एक चुलतभाऊ चाळिशीला टेकलाय, बिनलग्नाचा. त्याच्या पोटात नक्की कुठे दुखतंय ते अजून अण्णाच सांगतात.

मी तर तेवीस वर्षांचा, म्हणजे तान्हाच. त्यात इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला. का सोडलंस, हे मला आजतागायत घरात कोणी विचारलेलं नाही. का सोडलं असेल, याचं उत्तर मात्र प्रत्येकाकडे तयार आहे. मोबाइलमुळे, मित्रांमुळे, जन्मवेळेमुळे. माझं मत कोणी मागितलं नाही, आणि मीही द्यायला गेलो नाही. चिडून चिडून माणूस शेवटी गप्प होतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. मला खिडकीबाहेर डोंगर दिसायचे. समोर खरं तर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे. पण मला डोंगरच दिसायचे.

आणि डोंगर खरोखर मिळण्याची वेळ आली होती, ऐका. किरण नावाचा एक माणूस लोकांना हिमालयात ट्रेकला नेतो. त्याच्याबरोबर मी दोन-चार रविवार आसपासच्या टेकड्यांवर भटकलो होतो. तो म्हणाला, "उन्हाळ्याच्या सीझनला ये माझ्याकडे कामाला. फक्त होळीच्या आधी इथला जवळचा शिवगंगेचा डोंगर पाठीवर सामान घेऊन चढून-उतरून दाखव." बास, एवढंच. मार्कशीट नको, वडिलांचा व्यवसाय नको. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हवं ते मला देत होतं. मी लढाई जिंकल्यासारखा तोऱ्यात एक लाल रकसॅक घेऊन आलो आणि ती उशाशी ठेवून झोपायला लागलो.

पुढच्याच आठवड्यात मार्केटजवळ माझी स्कूटर घसरली. कशावरून? झेंडूवरून! सकाळी फुलबाजार उठला की रस्त्यावर सडक्या झेंडूचा जो पिवळा चिखल उरतो ना, त्यावरून. पडतानासुद्धा सुगंध येत होता. उजव्या गुडघ्यातला लिगामेंट ताणला गेला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, थोडे दिवस विश्रांती आणि मग फिजिओथेरपी. नीट केलीत तर होळीच्या आधी डोंगर चढाल.

"सरी डॉक्टर," अण्णा म्हणाले. म्हणजे ठीक आहे. "नीट करेल तो."

बघितलंत? मी तिथेच बसलो होतो.

अण्णांनी शोधलेला फिजिओथेरपीचा दवाखाना मल्लेश्वरमला होता. चामराजपेटात दवाखाने नव्हते असं नाही. पण अण्णांचा विश्वास फिजिओथेरपीवर नव्हता, मल्लेश्वरमच्या फिल्टर कॉफीवर होता. माझी हरकत नव्हती. त्या दिवसांत रस्त्याकडेची झाडं पानं टाकून नुसती गुलाबी फुलं घेऊन उभी असतात. रिक्षा त्या फुलांच्या सड्यावरून जायची, मी मान मागे टाकून वर बघायचो, आणि वरचं गुलाबी सगळं हळूहळू संध्याकाळचा बर्फ व्हायचं.

पहिल्या दिवशी मी जीन्स घालून गेलो. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर कानात सांगतो, गुडघा दाखवायचा असेल तर सैल हाफ पँट घाला! माझी जीन्स पोटरीवर येऊन अशी अडली की ना वर ना खाली. फिजिओ श्रुती मॅडम, तिशीच्या, केस वर बांधलेल्या, बोलणं एकदम चटपटीत. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "दुसरं काही आणलंय का घालायला?"

"आणलंय की," अण्णा म्हणाले आणि पिशवीतून पंचा काढला. देवळात जायला लागतो म्हणून तो त्यांच्या पिशवीत कायम असतो. मग मी वर काळा टी-शर्ट, खाली लाल काठाचा पंचा, अशा अवतारात कॉटवर बसलो. सत्यनारायणाच्या पूजेला चुकून रॉकस्टार आल्यासारखा.

"दुखणं कसं आहे?" मॅडमनी मला विचारलं.

"स्वल्प," अण्णा म्हणाले. म्हणजे थोडंसं.

"शून्य ते दहामध्ये किती?"

अण्णांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. "तीन धरा."

"मी त्यांना विचारतेय, सर."

"हो हो, त्याचंच सांगतोय. जन्मल्यापासून बघतोय मी त्याला."

माझा आकडा होता सात. तोंड उघडून 'सात' म्हणायला किती वेळ लागतो? पण मी म्हटलं, कशाला? तीन म्हटल्यावर लवकर सोडतील. मी मान डोलावली. हं, वळायला लागलं ना बोट? थांबा अजून.

मॅडम म्हणाल्या, "आधी शेक आणि मशीन, मग व्यायाम. खरं काम व्यायामाचं. मशीननं गुडघा बरा होत नाही, फक्त गप्प बसतो."

"सरी मॅडम," अण्णा म्हणाले.

त्यांनी गुडघ्याभोवती गरम पिशवी गुंडाळली, मशीनच्या चिकट चकत्या लावल्या, निळा पडदा ओढला आणि गेल्या.

काय सांगू हो! तो पडदा फिका निळा. खिडकीतून ऊन त्याच्यावर पडायचं आणि पंख्याच्या वाऱ्याने तो श्वास घेतल्यासारखा फुगायचा, बसायचा. खालून ऊब. आणि त्या मशीनच्या मुंग्या! गुडघ्यावर कोणीतरी हलक्या हाताने बर्फ भुरभुरतंय असं वाटायचं. ऊब आणि बर्फ एकाच वेळी! मी डोळे मिटले की पडद्याचा निळा रंग वर वर चढत आकाश व्हायचा. मी एका पांढऱ्या उतारावरून चालतोय. मागे माणसांची ओळ, पुढे कोणी नाही, माझी लाल रकसॅक पाठीवर. कुठेतरी लांब घंटा वाजतेय. (ती मॅडमच्या टायमरची असायची.) आणि त्या सगळ्या बर्फात एकही नातेवाईक नाही!

"एळि, एळि!" मॅडमचा आवाज यायचा. उठा, व्यायामाची वेळ झाली.

आणि मग अण्णांचा, कुजबुजता. "झोपलंय हो पोर. असू दे. मला दाखवा, मी घरी करून घेतो त्याच्याकडून."

तुम्ही म्हणाल, तू जागा होतास ना? होतो की! पण बर्फात उभा होतो. तिथून व्यायामाला परत कोण येतं? शिवाय मला खरंच वाटायचं, यंत्र लावलंय, करंट आत जातोय, काम चाललंय. थेरपी ही दुसऱ्या कोणीतरी आपल्यावर करायची गोष्ट आहे, इस्त्रीसारखी, अशी माझी समजूत. आपण फक्त सपाट पडून राहायचं.

मॅडम पहिल्या दिवशी नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मला हलवून उठवलं, पण अण्णांनी मध्येच स्वतःचा पाय उचलून दाखवला, "असंच ना? बघा, समजलं मला." मॅडमना तो व्यायाम चुकलेला दिसला. आणि चुकलेला व्यायाम समोर दिसत असताना कुठली फिजिओ गप्प बसेल?

"तसं नाही सर! मांडी आधी घट्ट करा. पाठ कॉटला टेकू द्या."

"असं?"

"आता सावकाश खाली. आदळू नका. हं, बरोब्बर!"

बँकेत इतकी वर्षं काढून अण्णांना एवढी शाबासकी कधी मिळाली नसेल. ते विरघळलेच! तिथून पुढे दर खेपेला पडद्याच्या अलीकडे मी हिमालयात, आणि पलीकडे अण्णा, मांडी आवळतायत, टाच सरकवतायत, भिंतीला पाठ लावून अर्धे खाली बसतायत. सगळं कशासाठी? मला शिकवता यावं म्हणून!

मॅडम अधूनमधून पडदा सारून विचारायच्या, "काल जास्त दुखलं का?"

"नाही, हलकं वाटतंय," अण्णा म्हणायचे. खोटं बोलत नव्हते. त्यांना वाटतच होतं हलकं.

"घरी करतायत ना?"

"रोज! न चुकता!"

घरी तर जत्राच होती. संध्याकाळी अण्णा हॉलमध्ये उशी गुडघ्याखाली घेऊन आडवे व्हायचे. अक्का, म्हणजे माझी आत्या, पोथी मिटून शेजारी आडवी व्हायची. माझ्यासाठी घेतलेला हिरवा रबरी पट्टा आधी अण्णांच्या पायात, मग अक्काच्या पायात. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू मोठ्यांपासून सुरू होते. पेपर, रिमोट, आंब्याची पहिली फोड. मग पट्टाच कसा अपवाद असेल? माझ्यापर्यंत तो आलाच नाही. शेवटी अक्काने लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधायला घेतला, तिथेच राहिला. फडकं इतकं घट्ट कधीच बसलं नव्हतं म्हणे.

"तू केलास ना रे व्यायाम?" अण्णा गच्चीकडे बघून हाक द्यायचे. आणि मी तोंड उघडायच्या आत, "केला असशील. शहाणा आहेस."

बघा, मला खोटंही बोलावं लागलं नाही! प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, शाबासकी फुकट. मी गच्चीवर कठड्याला टेकून बसलेला. खाली मशिदीकडून आणि देवळाकडून आवाज एकमेकांत मिसळून वर येतायत, घारी गोल गोल फिरतायत, आणि पाण्याच्या टाकीमागे माझे डोंगर एकेक करून जांभळे होतायत.

एकदा मात्र मॅडमनी ऐकलं नाही. अण्णा बाहेर फोनवर होते, तेवढ्यात त्यांनी मला पार उठवून उभं केलं. "या स्टुलावर चढा, आणि दुखऱ्या पायावर भार ठेवून सावकाश उतरा."

चढलो. उतरायला गेलो तर पाय असा लटपटला, जणू तो माझा नाहीच, कुणीतरी ठेवायला दिलाय.

मॅडमच्या कपाळाला आठी. "हे काय? तुमचे अण्णा म्हणतात गच्चीपर्यंतचा जिना रोज होतो."

होत होता की! त्यांचा!

आता ही वेळ होती. अण्णा बाहेर, मॅडम समोर, प्रश्न थेट मला. तेवीस वर्षं ज्याच्यासाठी मी धुमसतोय, तो क्षण स्टुलाच्या उंचीवर आला होता. सांगायचं होतं फक्त, 'मॅडम, मी एकही व्यायाम केलेला नाही.' पण डोक्यात विचार आला, हे कळलं तर शिवगंगेला जाऊ नको म्हणतील. मग मी काय म्हणालो?

"झोपेतून उठलोय ना मॅडम, पाय जड झालाय."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "ठीक आहे. पण एक ऐका. या स्टुलावरून आवाज न करता उतरता येत नाही तोवर डोंगर नाही. चढणं सोपं असतं. उतरताना गुडघा खरं बोलतो."

"सरी मॅडम," मी म्हणालो.

"सरी मॅडम," अण्णा दारातून म्हणाले. कशाला हो म्हणतोय ते न ऐकताच!

शिवगंगेचा रविवार उजाडला. अण्णा पहाटेच तयार, पंचा पिशवीत. "शिवगंगेला देवदर्शन होईल, आणि तुला सोबत."

"अण्णा, नोकरीच्या चाचणीला कोणी काकांना घेऊन जातं का?"

"मुलाखतीला तुझ्या बाबाबरोबर मीच गेलो होतो," अण्णा म्हणाले. मी रकसॅक उचलली.

डोंगर धुक्यात होता. खरं सांगतो, त्या सकाळचं मला अजून स्वप्न पडतं. वरचे खडक दिसत नव्हते, नुसत्या पायऱ्या निघून ढगात जात होत्या. कोणीतरी कापूर लावला होता, त्याचा वास ओल्या दगडांना येत होता. माकडं भिजल्यासारखी गप्प बसली होती. किरणने माझी लाल रकसॅक सामानाने भरली, माझ्या खांद्यावर चढवली, आणि मी निघालो. चढलो हो! मॅडम म्हणाल्या तसंच, चढणं सोपं. गुडघा कुरकुरत होता, पण मी त्याचं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. आमच्या घरात लहानांचं कोण ऐकतं?

वर पोचलो. धुकं खाली आणि मी वर. पांढरं, शांत, थेट तोच उतार जो मी पडद्याआड पाहिला होता. वाटलं, मिळालं. आता हे कोणी काढून घेणार नाही.

मग उतरायला लागलो.

आठ-दहा पायऱ्यांतच गुडघ्याने खरं बोलायला सुरुवात केली, आणि इतके दिवस गप्प बसवलेला तो, सगळं एकदम बोलला! मी कठडा धरला. मग बसलो. मग बसल्या बसल्याच एकेक पायरी उतरायला लागलो, पाळण्यातून उतरणाऱ्या पोरासारखा. मागून येणारे लोक मला ओलांडून जात होते. एक माकड दोन पायऱ्या खाली बसून माझ्याकडे असं टक लावून बघत होतं, जणू त्यालाही काका झाल्यासारखं वाटत होतं.

आणि अण्णा? दर्शन घेऊन, कपाळाला गंध लावून, वरून उतरत आले. टाच आधी, गुडघा सरळ, आवाज नाही. अगदी मांजरासारखे!

"गुडघा आत वळवू नकोस!" मला बघताच ते मॅडमच्या आवाजात ओरडले. "मांडी घट्ट कर! आदळू नकोस!"

"अण्णा, गप्प बसा हो!"

ते गप्प बसले नाहीत. माझ्या पाठीवरची रकसॅक काढून स्वतःच्या पाठीवर टाकली, आणि माझ्या शेजारी उभे राहिले. तेवढ्यात किरण वर चढत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"दुखतंय? किती?"

मी सवयीने थांबलो. उत्तर येईलच की. आलं नाही. मी वर बघितलं, तर अण्णा धुक्याकडे बघत होते.

"त्यालाच विचारा," ते म्हणाले. "त्याचा गुडघा आहे."

काय सांगू तुम्हाला! जन्मात पहिल्यांदा! वारा थांबला, घंटा थांबल्या, माकडाने खाजवायचं थांबवलं. पूर्ण डोंगर माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मी, तेवीस वर्षांचा, घरादारावर चिडलेला, कोणाच्या बापाला न घाबरणारा मी, काय म्हणालो?

"स्वल्प."

"मग ऊठ," किरण म्हणाला.

उठलो. पाय गेला. मी थेट वर चढत येणाऱ्या एका आजींच्या नारळाच्या टोपलीत जाऊन बसलो. आजींनी टोपली खसकन ओढून घेतली, माझ्याकडे पंचांगातल्या अशुभ दिवसाकडे बघावं तसं बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "याच्यासोबत मोठं माणूस कोणी नाही का?"

"आहे," अण्णा म्हणाले.

खाली येईपर्यंत किरण माझा एक हात धरून होता, पण बोलत होता अण्णांशी. "सर, एवढं सामान घेऊन तुम्ही आरामात उतरताय. ट्रेनिंग कुठे घेतलंत?"

"मल्लेश्वरमला," अण्णा म्हणाले.

"मराठी, कन्नड, हिंदी, तिन्ही येतं?"

"इंग्रजी पण. बँकेत होतो."

किरणची एक ज्येष्ठ नागरिकांची बॅच असते. त्यांना बेस कॅम्पवर बसून गप्पा मारणारं, वेळेवर गोळ्या घ्यायला लावणारं, त्यांचं ऐकून न घेता त्यांच्या वतीने बोलणारं कोणीतरी हवं होतं. अशी नोकरी जगात असते! आणि त्या नोकरीसाठी जन्मलेला माणूस माझी रकसॅक पाठीवर घेऊन माझ्या पुढे चालत होता.

"येणार का, सर?"

अण्णा वळले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, नाही हो, ते पोराचं स्वप्न आहे.

"तुझी काही हरकत नाही ना रे?" अण्णांनी विचारलं. "नसेलच. शहाणा आहेस."

आता मी मल्लेश्वरमला एकटा जातो. हाफ पँट घालून. शेक झाला की पडदा मीच सारतो, स्टूल मीच ओढतो. मॅडम विचारतात, किती दुखतंय, आणि मी जे असेल ते सांगतो. सात तर सात. पट्टा लोणच्याच्या बरणीवरून सोडवून आणलाय, त्याला मोहरीचा वास येतो. झाडांची फुलं गळून गेलीत, हिरवी पानं आलीत. नव्याने जाणाऱ्यांनी माझ्याकडून घ्यायचं तर एवढंच घ्या. गुडघा तुमचा असेल तर जीभही तुमचीच हलवा, आणि पडद्याआड झोपू नका.

अण्णा उन्हाळ्याच्या पहिल्या बॅचबरोबर गेले. लाल रकसॅक घेऊन गेले. बर्फाचा फोटो पाठवलाय.

मला ती नोकरी मिळाली नाही.